आधी कर्ज, मग खरेदी

शिरपूरला रेल्वे नाही. नरडाणा स्टेशन तापीपलीकडे. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला भाड्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. अर्धी रिकामी गाडीसुद्धा डिझेल जाळतेच. तरी खत-बियाणं आपण आपापलंच का आणतो?

थोडं मागे जाऊ. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलला २८ विणकर-कारागिरांनी वर्गणी काढून दुकान थाटलं. पीठ, साखर, लोणी एकत्र आणलं. आपल्याकडे सहकाराचा कायदा आला १९०४ साली, पण तो फक्त पतसंस्थांपुरता. खरेदी-विक्रीच्या संस्थांना मान्यता मिळायला १९१२ उजाडलं. म्हणजे कायद्यानं आपल्याला आधी एकत्र कर्ज काढायला शिकवलं, एकत्र खरेदी नंतर.

सावदा-रावेरकडे केळीनं वेगळा धडा दिला. दिल्लीला जाणारी वॅगन एकट्याच्या घडांनी भरत नाही. अनेकांचा माल एकत्र घालायचा, तर वजन कोण करणार, वाटेत खराब झालं तर तोटा कुणाचा, हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून सांगतो, दहा जणांत एक ट्रक करायचा असेल तर भाड्याआधी नुकसानीची वाटणी लिहून काढा. नाहीतर पहिली गोणी भिजली की मंडळी पांगतात, आणि पुन्हा दहा गाड्या निघतात.