वेब पेजवर कॉलम करायचे आहेत? टेबल वापरू की सीएसएस?

वेब पेज बनवायला शिकताना एक प्रश्न हमखास पडतो. एका बाजूला मेनू आणि दुसऱ्या बाजूला मजकूर, असे कॉलम करायचे कसे? माझं उत्तर सरळ आहे: माहिती तक्त्याची असेल तर टेबल, नुसती मांडणी करायची असेल तर सीएसएस. का, ते बघूया.

टेबलची सवय कुठून आली?

सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली, पण तेव्हाचे ब्राउझर ती नीट पाळत नव्हते. टेबल मात्र चालायचं. म्हणून लोक अख्खं पान टेबलच्या चौकटींत बसवायचे. २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत सीएसएस ग्रिड आलं आणि ही गरज संपली.

टेबलमध्ये अडचण काय?

१. मोबाईल: टेबलचे कॉलम शेजारीशेजारीच राहतात. ३६० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर तीन समान कॉलम केले, तर प्रत्येकाला १२० पिक्सेल मिळतात. एवढ्यात मराठी शब्द दोन-तीनच मावतात.

२. स्क्रीन रीडर: दृष्टिहीन व्यक्ती टॉकबॅकसारख्या ॲपने पान ऐकतात. ते कोडमधल्या क्रमाने वाचतं आणि टेबलमध्ये हा क्रम ओळीओळीने जातो. डावीकडे मेनू, उजवीकडे बातम्या अशा ओळी केल्या, तर मेनूतला एक शब्द, मग एक बातमी, पुन्हा मेनू असं ऐकू येतं. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

सीएसएसने कसं करायचं?

मी आधी मोबाईलचा विचार करतो. सगळे भाग एकाखाली एक ठेवतो. मग मीडिया क्वेरीत लिहितो की रुंदी ६०० पिक्सेल किंवा जास्त असेल, तरच बाहेरच्या डब्याला 'डिस्प्ले: ग्रिड' आणि 'ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: १एफआर ३एफआर' लागू कर. म्हणजे मेनूला एक भाग, मजकुराला तीन भाग जागा. (कोडमध्ये हे इंग्रजीतच टाइप करायचं.) पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विसरू नका, नाहीतर फोन पानाला डेस्कटॉपएवढं रुंद समजतो. बटणं एका ओळीत लावायची असतील तर फ्लेक्सबॉक्स पुरेसा आहे.

मग टेबल कधी?

एसटीचं वेळापत्रक, परीक्षेचे गुण, भाजीचे दर यांसाठी टेबलच योग्य. तिथे ओळ आणि कॉलम दोन्हींना अर्थ असतो. शीर्षकाच्या चौकटींना 'टीएच' टॅग द्या. मोठं टेबल एका डब्यात ठेवून त्याला 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' दिलं, की मोबाईलवर तेवढंच आडवं सरकतं. ईमेलच्या मांडणीत मात्र अजून टेबल वापरतात, कारण विंडोजवरचं जुनं आउटलुक सीएसएसचा बराच भाग पाळत नाही.

अजूनही गोंधळ होत असेल तर एक चाचणी करा. पानातला मजकूर कॉलमशिवाय, वरून खाली वाचून बघा. अर्थ लागला तर सीएसएस वापरा. कुठला आकडा कशाचा हेच कळेनासं झालं, तर ते टेबलच आहे.