कॉन्स्टेलेशन्स (पुनर्निर्मिती, २०२१)

ब्रिटिश नाटककार निक पेन यांच्या दोनपात्री इंग्रजी नाटकाचे पुनरुज्जीवन. मूळ प्रयोग मायकेल लाँगहर्स्ट यांच्या दिग्दर्शनाखाली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जानेवारी २०१२ मध्ये झाला; सॅली हॉकिन्स व रेफ स्पॉल यांनी भूमिका केल्या.

विश्वरचनाशास्त्रज्ञ मारियान आणि मधमाश्या पाळणारा रोलंड यांची ही प्रेमकथा. अनेक समांतर विश्वे असू शकतात, या भौतिकशास्त्रीय कल्पनेवर तिची बांधणी आहे. एकच भेट थोड्याफार फरकाने पुन:पुन्हा घडते आणि प्रत्येक वेळी वेगळे वळण घेते. मारियानच्या मेंदूच्या आजारामुळे निवड, काळ व मृत्यू हे प्रश्न तीव्र होतात.

२०२१ मध्ये डॉनमार वेअरहाउस या संस्थेने लाँगहर्स्ट यांच्याच दिग्दर्शनाखाली लंडनच्या व्हॉडव्हिल थिएटरमध्ये हे नाटक पुन्हा आणले. शीला अतीम–इव्हानो जेरेमाया, पीटर कपाल्डी–झोई वानामेकर, ओमारी डग्लस–रसेल टोव्ही आणि ॲना मॅक्सवेल मार्टिन–क्रिस ओडाउड या चार जोड्यांनी आळीपाळीने ते सादर केले. डग्लस–टोव्ही जोडीमुळे ती दोन पुरुषांची प्रेमकथा झाली. वय, वंश व लिंग बदलताच तेच संवाद नवा अर्थ देऊ लागले. संहितेतील अनेक शक्यतांचे तत्त्व पात्रयोजनेतही उतरले, हे या निर्मितीचे मोठे यश. २०२२ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा आणि अतीम यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला.