मॉरिशस: उसाने घडवलेला देश

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर वसलेल्या मॉरिशसचा विचार करताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, ती ही की या बेटाला मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. अरब खलाशांना ते ठाऊक होते, सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज जहाजेही त्याच्या किनाऱ्याला लागली, परंतु १६३८ मध्ये डचांनी ठाणे घालीपर्यंत तेथे कायमची मानवी वस्ती झाली नाही. त्यामुळे या देशातील प्रत्येक माणूस, प्रत्येक भाषा आणि बहुतेक प्रत्येक पीक समुद्रमार्गे आलेले आहे, आणि कोणी कोणाला कशासाठी आणले या एका प्रश्नाभोवतीच त्याचा सारा इतिहास फिरतो.

बेट ज्वालामुखीतून जन्मलेले असून सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी ते समुद्रावर आले. रेयुनियाँ आणि रॉड्रिग्स ही त्याची भावंडे; तिन्ही मिळून मस्कारेन द्वीपसमूह होतो. त्यांपैकी रेयुनियाँ आजही फ्रान्सचा भाग आहे, तर रॉड्रिग्स मॉरिशसच्या प्रजासत्ताकात मोडते. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास निम्मे, आणि सर्वोच्च शिखर ८२८ मीटर उंचीचे आहे. भोवती प्रवाळभित्तीचे कडे आहे, मध्यभागी पठार आहे, आणि आग्नेयेकडून येणारे बाष्पयुक्त वारे या पठारावर अडून क्यूरपीपसारख्या गावांना भरपूर पाऊस देतात. पश्चिम किनारा मात्र पर्जन्यछायेत राहून कोरडा पडतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून देशावर उतरणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. उन्हाळ्यात येणाऱ्या चक्रीवादळांनी येथील शेतीची दिशा ठरवली, कारण कापूस, कॉफी आणि मसाल्याची झाडे वादळात आडवी होत, तर ऊस वाकून पुन्हा उभा राही.

माणसाच्या आगमनापूर्वी हे बेट काळ्या शिसवीसारख्या वृक्षांच्या दाट अरण्याने झाकलेले होते, आणि वटवाघळे सोडली तर त्यात भूचर सस्तन प्राणी नव्हते. शिकारी श्वापदांच्या अभावी पक्ष्यांना उडण्याची गरज उरली नाही. पारव्याच्या कुळातील डोडो हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्याची उंची मीटरभरापर्यंत असे आणि तो जमिनीवरच अंडी घाली. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले, त्यांनी आपला राजपुत्र मॉरिस याचे नाव बेटाला दिले, आणि त्यानंतर शतकही पुरे होण्याच्या आत डोडो संपला. त्याचे शेवटचे विश्वसनीय दर्शन १६६२ मधले मानले जाते. खलाशांनी त्याला मारून खाल्ले ही समजूत अर्धीच खरी आहे. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे त्याची अंडी व पिल्ले फस्त करीत, आणि तोडल्या जाणाऱ्या अरण्याबरोबर त्याचा आसराही जात होता. १८६५ मध्ये मार ओ साँज या दलदलीत त्याची हाडे मोठ्या प्रमाणावर सापडली, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांना त्याच्या पूर्ण सांगाड्याची कल्पना आली. आज मूळ अरण्य दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. तरीही या देशाने अलीकडे मिळवलेले यश थोडेथोडके नाही: १९७४ मध्ये रानात अवघे चार उरलेले मॉरिशसचे छोटे ससाणे आणि दहाच्या आसपास घसरलेली गुलाबी कबुतरे, दोन्ही जाती पिंजऱ्यातील पैदाशीने आणि घरट्यांच्या राखणीने वाचवण्यात आल्या.

डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला आणि १७१० मध्ये बेट सोडून दिले. फ्रेंचांनी १७१५ मध्ये ते ताब्यात घेतले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बुर्दोने याने पोर्ट लुईचे बंदर उभारले, साखरेचे कारखाने काढले, आणि बांधकामासाठी पुद्दुचेरीकडून कारागीर आणले; तथापि श्रमाचा मुख्य भार मादागास्कर आणि मोझांबिक येथून आणलेल्या गुलामांवर होता. १७२३ च्या काळ्या संहितेनुसार पळून गेलेल्या गुलामाचे कान कापून त्याला डाग देत, दुसऱ्यांदा पळाल्यास पायाची शीर तोडत आणि तिसऱ्यांदा पळाल्यास मृत्युदंड देत. अशा फरारी गुलामांना ‘मरून’ म्हणत. नैर्ऋत्येकडील ल मॉर्न या कड्याच्या डोंगरावर त्यांनी आसरा घेतला होता, आणि त्या स्मृतीमुळेच तो डोंगर आज जागतिक वारसास्थळ आहे.

१८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, पण फ्रेंच जमीनदारांची मालमत्ता, कायदे आणि भाषा कायम ठेवली. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील ब्रिटनमधील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली गेली आणि उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. नेमक्या याच तेजीत १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली आणि वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई देण्यात आली. ती सारी मालकांना मिळाली, ज्यांनी गुलामी भोगली त्यांना काहीही मिळाले नाही.

मजुरांची येऊ घातलेली उणीव भरून काढण्यासाठी करारबद्ध मजुरीची पद्धत सुरू झाली. ठरावीक वर्षे, ठरावीक मळ्यात, ठरावीक वेतनावर राबण्याचा करार मजुराकडून जहाजावर चढण्यापूर्वी अंगठा उठवून घेत, आणि या करारालाच मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ असे नाव पडले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजाने छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातील ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला आणले. त्यांच्यामागून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय या बेटावर आले. बंदराच्या काठावरील वसतिगृहात, ज्याला आज आप्रवासी घाट म्हणतात, ते दगडी पायऱ्या चढून येत. तेथे वैद्यकीय तपासणी व नोंदणी होई आणि दोनेक दिवसांत त्यांची मळ्यांवर पाठवणी होई. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. पुढे १८६० च्या दशकात छायाचित्र लावलेले ओळखपत्र जवळ बाळगणे सक्तीचे झाले आणि ते नसल्यास भटक्या ठरवून तुरुंगात टाकण्यात येई.

पुरुषाचे वेतन महिना पाच रुपये आणि शिवाय तांदूळ, डाळ असा शिधा असे. परंतु एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई, आणि आजारपणाचीही यातून सुटका नसे. या ‘दुहेरी कपाती’मुळे वर्षाअखेरीस हाती फारसे काही पडत नसे. कामांतले सर्वांत कष्टाचे काम दगड वेचण्याचे होते. ज्वालामुखीच्या या जमिनीत बसाल्टचे धोंडे इतके की ते हाताने उपसून, डोक्यावर वाहून, शेतातच रचून ठेवल्याशिवाय उसाची सरी पडत नसे. गुलामांनी व त्यांच्यामागून मजुरांनी रचलेले हे उंच काळे ढीग आजही उसाच्या फडांतून उभे आहेत. मॉरिशसच्या शेतीचा इतिहास कोणत्याही सरकारी अहवालाहून त्या ढिगांत अधिक स्पष्ट वाचता येतो. अहवालही अर्थात लिहिले गेले: १८७१ मध्ये आदॉल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने हजारो मजुरांच्या वतीने अर्ज केला, त्यातून शाही आयोग नेमला गेला, आणि त्याने बहुतेक तक्रारी खऱ्या ठरवल्या.

बहुसंख्य मजूर बिहार व पूर्वेकडील प्रांतांतून कलकत्त्यामार्गे आणि तमिळ व तेलुगू प्रदेशांतून मद्रासमार्गे आले. मुंबईहून गेलेल्यांची संख्या त्या मानाने लहान होती, आणि त्यांत रत्नागिरी, कुलाबा, सातारा या भागांतील कुणबी व इतर कष्टकरी जातींचे लोक मोठ्या प्रमाणावर होते. ते ब्लॅक रिव्हर, व्हाकोआ, कास्काव्हेल या परिसरांत वसले. हेनरिएटा येथे १८९६ मध्ये पहिला गणेशोत्सव झाला, असे तेथील मराठी समाज मानतो. आज गणेशचतुर्थी हा साऱ्या देशाच्या सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. कोकणात मृदंग आणि झांजेच्या तालावर फेर धरून नाचली जाणारी जाखडी तेथे ‘झाकरी’ म्हणून टिकली आहे. घरातली बोलभाषा क्रेओल झाली असली, तरी सरकारी शाळांतून मराठी शिकवली जाते, आणि एवढ्या लहान समाजाने दीड शतकाहून अधिक काळ हे राखले याचे मोल महाराष्ट्राला अजून पुरते कळलेले नाही.

साखरेचे भाव पडू लागल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमीनदारांनी मळ्यांच्या कडेचे तुकडे विकायला काढले आणि काटकसर केलेल्या मजुरांनी ते घेतले. ‘मोर्सेलमाँ’ म्हणजे तुकडेवाटणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवहारातून गिरमिटिया शेतकरी झाला. त्याच्या गावात ‘बैठका’ उभी राहिली. दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी तेथे मुलांना आणि मोठ्यांनाही अक्षरओळख करून देत, आणि भजन व पंचायतही तेथेच होत असे. हा खटाटोप राजकीयदृष्ट्या निर्णायक ठरला. १९४८ च्या निवडणुकीपूर्वी आलेल्या नव्या राज्यघटनेने बेटावरील कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मताधिकार दिला, बासदेव बिसुनदयाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव लोकांना शिकवून तयार केले, आणि १८८५ पासून जेमतेम बारा हजारांपर्यंत पोहोचलेली मतदारसंख्या १९४८ च्या निवडणुकीत सत्तर हजारांच्या पुढे गेली.

१२ मार्च १९६८ रोजी सर शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला. हा निर्णय एकमुखी नव्हता; आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते विरोधात पडली होती, आणि हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपले काय होईल ही भीती मुख्यतः गुलामांच्या वंशजांच्या क्रेओल समाजात खरोखरची होती. ती भीती पूर्णपणे मिटली असे म्हणता येत नाही, पण भारतीय, आफ्रिकी, चिनी आणि फ्रेंच वंशाच्या लोकांनी मतपेटीतूनच सत्तांतरे घडवली. गुलामांच्या वस्त्यांतून जन्मलेला सेगा हा नाच आणि भोजपुरी लग्नघरातील गीत-गवई, दोन्हींना युनेस्कोने मानवतेचा अमूर्त वारसा मानले आहे.

उसाची सत्ता मात्र ओसरली. १९७० पासून निर्यातीसाठी काढलेल्या कापड कारखान्यांनी आणि पुढे पर्यटनाने त्याची जागा घेतली, आणि २००९ मध्ये युरोपकडून मिळणारा हमीभावही संपला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अडीचशेहून अधिक असलेले साखर कारखाने आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्या भट्ट्यांत उसाचे चिपाड जाळून जी वीज निर्माण होते, तिच्यावर देशाच्या विजेच्या गरजेचा लक्षणीय भाग भागतो.