‘प्रेमनगर’ कोणी बांधले?

1974 साली राजेश खन्ना आणि हेमा मालिनी यांचा ‘प्रेमनगर’ हा हिंदी चित्रपट आला. आमच्या आई-वडिलांच्या पिढीला तो चांगला आठवतो. दारूच्या आहारी गेलेला जमीनदाराचा मुलगा, त्याला माणसांत आणणारी स्वाभिमानी तरुणी, तिच्यासाठी त्याने बांधलेला महाल आणि मग एका खोट्या आळापायी झालेली ताटातूट, अशी ती कथा. हा चित्रपट कुणाचा, असे विचारले तर लोक राजेश खन्नाचे नाव घेतात. थोडे जाणकार असतील तर संगीतकार सचिनदेव बर्मन आणि गीतकार आनंद बक्षी यांचीही नावे घेतील. पण ही कथा मुळात तेलुगू आहे आणि ती एका स्त्रीच्या लेखणीतून उतरली आहे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. त्या लेखिकेचे नाव कोडूरी कौसल्यादेवी. पडद्यावरचा महाल नायक बांधतो. पण तो महाल, तो नायक आणि त्याला सोडून जाण्याची हिंमत असणारी ती नायिका हे सारे आधी कौसल्यादेवींच्या कादंबरीत उभे राहिले. तेव्हा ‘प्रेमनगर’ कोणी बांधले, हा प्रश्न विचारायला हवा.

तेलुगू ‘प्रेमनगर’ 24 सप्टेंबर 1971 रोजी पडद्यावर आला. दिग्दर्शक के. एस. प्रकाश राव, संगीतकार के. व्ही. महादेवन, आणि संवाद व गीते आचार्य आत्रेय यांची. नायक कल्याणच्या भूमिकेत अक्किनेनी नागेश्वर राव आणि नायिका लताच्या भूमिकेत वाणीश्री. निर्माते डी. रामानायडू हे कारमचेडू गावच्या शेतकरी कुटुंबातले. आधीच्या अपयशामुळे ते पेचात सापडले होते. हा चित्रपट चालला नाही तर चित्रव्यवसाय सोडून गावी शेती करायची, असा निश्चय करूनच त्यांनी हे धाडस केले होते. चित्रपट असा चालला की रामानायडूंनी मागे वळून पाहिले नाही. पुढे अनेक भारतीय भाषांत चित्रपट काढणारे निर्माते म्हणून त्यांचे नाव झाले आणि 2009 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. 1972 साली याच दिग्दर्शकाने शिवाजी गणेशन आणि वाणीश्री यांना घेऊन तमिळमध्ये ‘वसंत माळिगै’ काढला. दोन वर्षांनी हिंदीची पाळी आली. एका स्त्रीची कादंबरी तीन भाषांच्या पडद्यावर पोहोचली आणि तिने एका निर्मात्याचा डोलारा सावरला.

हे एकाएकी घडले नाही. त्याआधीच्या काळात तेलुगू कौटुंबिक चित्रपटाला कथा लागली की तो बंगालकडे पाहत असे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय हे मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे जसे मराठी घरांत वावरले, तसेच अनुवादांमुळे आंध्रातल्या घरांतही वावरले. 1953 चा ‘देवदासु’, 1957 चा ‘तोडी कोडळ्ळु’ आणि 1961 चा ‘बाटसारी’ हे तिन्ही तेलुगू चित्रपट शरद्बाबूंच्या कथांवरचे. बंगाली पुरुषाने रंगवलेली स्त्री तेलुगू प्रेक्षकांनी आपली मानली होती.

तेलुगू स्त्री स्वतः लिहू लागली तेव्हा हे बदलले. शाळा-कॉलेजांत शिकलेल्या मुलींची पिढी तयार झाली होती आणि साप्ताहिके व मासिके घरोघरी जात होती. त्यांतून क्रमशः कादंबऱ्या छापल्या जात, कादंबरी-स्पर्धा होत, आणि पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्यांत बायका फार. विकत घेण्याची ऐपत नसेल तर भाड्याने पुस्तके देणारी दुकाने होती. शिवाय आंध्रात वाचनालयांची परंपरा जुनी. ज्या हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाज उर्दूतून चाले, तेथे तेलुगू भाषकांनी 1901 साली ‘श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम’ हे ग्रंथालय उभे केले. मराठवाडाही 1956 पर्यंत त्याच हैदराबाद राज्याचा भाग होता, त्यामुळे आपल्या भाषेच्या ग्रंथालयाचे मोल काय, हे तिकडच्या मराठी वाचकांना सांगायला नको. वाचक तयार होतो तेव्हा लेखकही तयार होतो. तेलुगूत तो मोठ्या संख्येने लेखिकांच्या रूपाने आला.

कौसल्यादेवींच्या ‘चक्रभ्रमणम्’ या कादंबरीवरून आदुर्ती सुब्बा राव यांनी 1964 साली ‘डॉक्टर चक्रवर्ती’ काढला. आंध्र प्रदेश सरकारने त्या वर्षी नंदी पुरस्कार सुरू केले आणि उत्कृष्ट चित्रपटाचा पहिला सुवर्ण नंदी याच चित्रपटाला मिळाला. यद्दनपूडी सुलोचनाराणी तर घराघरांत वाचल्या जात. त्यांच्या कादंबऱ्यांवरून 1973 साली ‘मीना’ आणि ‘जीवन तरंगालु’, तर 1976 साली ‘सेक्रेटरी’ हे चित्रपट आले. ‘मीना’ची दिग्दर्शिकाही स्त्रीच, विजयनिर्मला. रंगनायकम्मांच्या ‘बलिपीठम्’वर 1975 साली चित्रपट निघाला. बंगालहून कथा आणणारा चित्रपट आता आपल्याच भाषेतल्या बायकांच्या दारी येऊ लागला.

यामुळे कथेत काय फरक पडला? तो पाहायचा असेल तर ‘देवदासु’ आणि ‘प्रेमनगर’ शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत नायक तेच, नागेश्वर राव. दोन्हींत जमीनदार घराणे, दारू आणि विरह. देवदासची पार्वती त्याच्यावर जीव टाकते, परंतु तिच्या हाती काही नाही. तिचे लग्न वडीलधारी मंडळी ठरवतात. देवदास तिच्या दाराशी येऊन प्राण सोडतो तेव्हा ती धावत निघते, आणि वाड्याचे फाटक तिच्यासमोर बंद होते. ‘प्रेमनगर’ची लता मात्र नोकरी करणारी आहे. आधी हवाई सुंदरी, नंतर कल्याणची सेक्रेटरी. घर तिच्या पगारावर चालते. मालकाची दारू सोडवण्याची खटपट ती करते, पण त्याच्यापुढे मान खाली घालत नाही. तिच्यावर चोरीचा आळ येतो आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला तोच संशय घेतो, तेव्हा ती महाल सोडून निघते आणि त्याने मिनतवारी केली तरी परत येत नाही. पार्वतीला फाटकाबाहेर पडू दिले गेले नाही. लताला कोणी अडवू शकले नाही. या दोन चित्रपटांत अठरा वर्षांचे अंतर आहे, आणि शिकलेल्या, कमावत्या मुलींची एक पिढी त्या अंतरात वाढली आहे. देवदास मरतो. कल्याण विष घेतो, पण चित्रपटात तो वाचतो आणि दोघे एकत्र येतात. मरणाऱ्या पुरुषासाठी अश्रू गाळण्यापेक्षा जगणाऱ्या पुरुषाकडून माणुसकीची अपेक्षा करणे या कथेला महत्त्वाचे वाटले.

या कादंबऱ्यांवर टीकाही झाली. श्रीमंत, देखणा नायक आणि त्याची मोटार. मध्यमवर्गीय मुलींना स्वप्ने विकणारे हे साहित्य आहे, असे समीक्षक म्हणत. त्यात तथ्य आहे. दारुड्याला सुधारण्याची जबाबदारी शेवटी बाईच्याच गळ्यात का, हाही रास्त प्रश्न आहे. खऱ्या आयुष्यात दारुड्या नवऱ्याची बायको महालात राहत नाही, ती मोलमजुरी करते. पण याच प्रदेशात पुढे काय घडले तेही ध्यानात घ्यावे. 1990 नंतर नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता मोहीम चालू होती. तिच्या वाचनपाठांत दारूमुळे उद्ध्वस्त होणाऱ्या संसारांची गोष्ट होती. ती वाचून दुबगुंटा गावच्या बायकांनी अरकाची दुकाने बंद पाडली आणि 1992 साली ते आंदोलन जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरले. 1993 साली सरकारला अरकावर बंदी घालावी लागली. 1995 साली संपूर्ण दारूबंदी झाली, ती 1997 साली शिथिल केली गेली हा भाग निराळा. त्या मजूर बायकांनी ‘प्रेमनगर’ वाचली होती असे आमचे म्हणणे नाही. कादंबरी वाचणाऱ्या बाईने मनातल्या मनात लतासारखे ‘नाही’ म्हणून पाहिले. पाठ वाचणाऱ्या बाईने ते चव्हाट्यावर म्हटले. दोघींच्या हाती छापील कागद होता, एवढे साम्य आम्हांस पुरेसे वाटते.

आता नावाची गोष्ट. तेलुगू प्रेक्षकाला कौसल्यादेवींचे नाव ठाऊक होते, कारण त्याच्या घरातील बायकांनी ती कादंबरी वाचलेली होती. कथा तमिळमध्ये गेली आणि लोकांच्या तोंडी तो शिवाजींचा चित्रपट झाला. हिंदीत आली आणि राजेश खन्नाचा झाला. कथा जसजशी दूर गेली तसतशी लिहिणारी मागे पडत गेली. कधी कधी तर आपल्याच भाषेत असे घडते. 2016 साली तेलुगूत ‘अ आ’ हा चित्रपट गाजला. त्याची कथा सुलोचनाराणींच्या ‘मीना’ची आहे, हे वाचकांनी ताबडतोब ओळखले. सुरुवातीला श्रेयनामावलीत लेखिकेचे नाव नव्हते. टीका झाली, आणि मग दिग्दर्शकाने लेखिकेचे ऋण मान्य केले. नाव परत मिळवून दिले ते वाचकांच्या आठवणीने. सुलोचनाराणींचे 2018 साली निधन झाले. त्यांच्या हयातीतच हे घडले, ही समाधानाची गोष्ट.

उर्दूचे शिक्षक म्हणून हे सारे आम्हांस परके वाटत नाही. डेप्युटी नझीर अहमद यांनी 1869 साली ‘मिरातुल उरूस’ लिहून मुलींसाठी उर्दूत कादंबरीचे दार उघडले. परंतु त्यांच्याच ‘तौबतुन्नसूह’मध्ये बाप आपल्या मुलाची पुस्तके आगीत टाकतो. वाचन माणसाला घडवते आणि बिघडवतेही, ही भीती तेव्हापासूनची आहे आणि आजही अनेक घरांत मुलीच्या हातातील नॉव्हेल पाहून तीच बोलते. उर्दूतील स्त्रीची पहिली कादंबरी म्हणून ‘इस्लाहुन्निसा’चा मान मानला जातो. रशीदुन्निसा यांनी ती 1881 साली लिहिली आणि छापली गेली 1894 साली. पुस्तकावर त्यांचे स्वतःचे नाव नव्हते. अमक्याची आई, तमक्याची मुलगी, अमक्याची बहीण, अशी ओळख छापली होती. आई, मुलगी, बहीण ही नाती मोलाची खरी. पण पुस्तक त्या नात्यांनी लिहिले नव्हते, रशीदुन्निसांनी लिहिले होते. पाकिस्तानात 1965 साली रझिया बट यांच्या कादंबरीवर ‘नायला’ हा रंगीत चित्रपट निघाला तेव्हा काळ पुष्कळ पुढे आला होता. लेखिकेचे नाव बाईंच्या नात्यांआड लपवण्याची गरज उरली नव्हती. तेथेही चित्रपट पाहणारे फार आणि कादंबरी वाचणारे थोडे, हे ओघाने आलेच.

मराठीतही निराळे नाही. 1982 चा ‘उंबरठा’ म्हटले की जब्बार पटेल आणि स्मिता पाटील ही नावे चटकन ओठांवर येतात आणि ती यायलाच हवीत. पण तो चित्रपट शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या त्या नायिकेला प्रथम एका स्त्रीने कागदावर उभे केले होते.

चित्रपट अनेकांच्या घामाने तयार होतो, हे आम्ही जाणतो. रामानायडूंनी सर्वस्व पणाला लावले, नागेश्वर राव आणि वाणीश्री यांनी पात्रांत प्राण ओतले, आत्रेय आणि महादेवन यांनी गाणी दिली. कुणाचे श्रेय काढून दुसऱ्याला देण्याचा हा खटाटोप नाही. इमारतीच्या कोनशिलेवर गवंड्याचे नाव नसते म्हणून गवंडी नव्हता असे होत नाही, एवढेच म्हणायचे आहे. आमच्या वर्गात ‘ही गोष्ट कुणाची?’ असे विचारले की मुले-मुली आधी नायकाचे नाव सांगतात. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारतो : ‘लिहिली कुणी?’ हा दुसरा प्रश्न विचारायची सवय लागली तर लिहिणारीचे नाव हरवणार नाही. आणि एखाद्या मुलीला आपणही लिहावे असे वाटलेच, तर आपल्या पुस्तकावर आपलेच नाव असते, हे तिला आधीच ठाऊक असेल.