गाजर मूळचं कुठलं?

सातवीच्या वर्गात मी परसातलं लाल गाजर घेऊन गेलो. एक मुलगा म्हणाला, "सर, हे खोटं आहे. गाजर केशरी असतं." वर्ग हसला. चूक त्याची नव्हती. आपण मोठी माणसंच गाजरपारखी झालो आहोत.

खरं तर केशरी गाजरच वयाने लहान. गाजराची लागवड अफगाणिस्तान आणि मध्य आशियाच्या परिसरात सुरू झाली असं अभ्यासक मानतात. ती गाजरं जांभळी आणि पिवळी होती. पुढे अरबांच्या हातून गाजर स्पेनपर्यंत गेलं. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने 'किताब अल-फिलाहा' या शेतीवरच्या ग्रंथात दोन जाती नोंदवल्या: लाल, ती रसाळ आणि चवदार, पिवळसर हिरवी, ती जाडीभरडी. केशरी गाजराचा बोलबाला झाला तो 17व्या शतकातल्या हॉलंडमध्ये. तिथल्या ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानार्थ ते तयार केलं, अशी गोष्ट सांगतात. तिला त्या काळातला पुरावा नाही.

अरबीत जज़र, फारसीत गज़र, उर्दूत आणि मराठीत गाजर. एका तासाला मी तो शब्द उजवीकडून लिहितो, दुसऱ्या तासाला डावीकडून.

गेल्या वर्षी अम्मी गेली. तिच्या पुरचुंडीत लाल गाजराचं मूठभर बी उरलं होतं. हे बी दोन-तीन वर्षांतच उगवायचं थांबतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये लगेच पेरलं. शेजारच्या वाफ्यात दुकानातलं केशरी. दोन्हींतली चांगली गाजरं उपटली, खालचा भाग स्वयंपाकघरात दिला आणि देठाकडचा तुकडा पुन्हा मातीत लावला. थंडी सरता सरता अम्मीच्या गाजरांवर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडल्या. केशरीला नुसता पाला आला आणि उन्हाळ्यात तोही वाळला. युरोपीय जातींना फुलायला दीर्घ, कडक थंडी लागते. त्यांचं बी थंड डोंगराळ भागातच धरतं. देशी गाजराला आपला सौम्य हिवाळा पुरतो.

बाहेरून आलेलं गाजर इथलं झालं ते असं: इथल्या हवेत फुलून, आणि कुणीतरी दरवर्षी बी राखल्यामुळे.

त्या मुलाला मी चिमूटभर बी कागदात बांधून दिलं आहे. सगळी गाजरं खाऊ नकोस, एवढंच सांगितलं.