ॲग्रो

ॲग्रो : ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ (२००५) या जपानी व्हिडिओ गेममधील काळी घोडी, कथानायक वाँडर याची एकुलती एक सोबतीण. दिग्दर्शक फुमितो उएदा आणि त्यांचा ‘टीम इको’ हा चमू यांनी हा गेम सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी घडवला. इंग्रजी आवृत्तीत ॲग्रोचा उल्लेख नर म्हणून झाला असला, तरी उएदा तिला घोडीच मानतात.

कथा एका कल्पित प्राचीन भूमीत घडते. मोनो या मृत तरुणीचा देह ॲग्रोवर घालून वाँडर लांबलचक दगडी पूल ओलांडतो आणि निषिद्ध प्रदेशातील मंदिरात येतो. मोनोला जिवंत करायचे, तर सोळा महाकाय जीव मारले पाहिजेत, असे डोर्मिन नावाची अदृश्य शक्ती त्याला सांगते. या प्रदेशात गाव नाही, बाजार नाही, वाटसरू नाही. त्यामुळे दोन लढतींमधल्या लांब रपेटीत खेळाडूला सोबत मिळते ती टापांच्या आवाजाची आणि वाँडर ज्या नावाने तिला हाका मारतो त्या नावाची.

ॲग्रोवर खेळाडूंचा जीव जडतो, त्याचे खरे कारण तिच्या चालीत आहे. बहुतेक गेममधला घोडा म्हणजे चार पायांचे वाहन; कळ दाबली की वळतो. ॲग्रोच्या बाबतीत खेळाडू फक्त लगाम खेचतो आणि टाच मारतो, पुढचे ती ठरवते. कधी ती उशिरा वळते, कड्याच्या टोकाशी थबकते. भरधाव असताना झाडे-खडक स्वतःच चुकवते आणि अरुंद वाटेवर लगाम सैल सोडला तरच नीट धावते. खरा घोडा प्रत्येक वेळी ऐकत नाही, ही उएदांची धारणा यामागे आहे. अनेकांनी याला सदोष नियंत्रण म्हटले. तो आक्षेप टिकत नाही, हे दहाव्या लढतीत कळते. वाळूखालून पाठलाग करणाऱ्या राक्षसाच्या डोळ्यात बाण मारायचा असल्याने स्वाराला मागे तोंड करून नेम धरावा लागतो आणि पुढची वाट सर्वस्वी घोडीवर सोडावी लागते. विश्वास टाकल्याखेरीज ही लढत जिंकता येत नाही. तेराव्या लढतीतही उडत्या राक्षसाच्या पंखावर झेप घ्यायची ती दौडत्या ॲग्रोच्या पाठीवरूनच.

सोळाव्या राक्षसाकडे जाताना पूल कोसळतो. ॲग्रो वाँडरला पलीकडे झुगारून देते आणि स्वतः दरीत पडते. तोवर तिला कोणत्याही लढतीत मरण आलेले नसते, म्हणून हा घाव खोल जातो. शेवटी ती लंगडत मंदिरात परतते. जागी झालेली मोनो तिच्यामागून चालू लागते.

सुरुवातीच्या चाचणी-चित्रफितीत अनेक घोडेस्वार मिळून एका राक्षसावर तुटून पडताना दिसत. ती कल्पना सोडून एक स्वार व एक घोडी ठेवल्याने गेमला त्याचा एकाकीपणा लाभला. २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी सुधारित आवृत्ती आली आणि २०१८ मध्ये ब्लूपॉइंट गेम्सने प्लेस्टेशन ४ साठी तो नव्याने उभारला. उएदांच्या ‘द लास्ट गार्डियन’ (२०१६) मधील ट्रिको हा अवाढव्य प्राणीही सांगितलेले लगेच ऐकत नाही. ॲग्रोमध्ये आजमावलेला विचार तिथे संपूर्ण गेमचा पाया झाला.