यूएमएल म्हणजे काय? सिंदी (रेल्वे)च्या तान्ह्या पोळ्यातून समजून घ्या सॉफ्टवेअरचं डिझाइन

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन ठिकाणं आहेत. एक सेलू तालुक्यातलं, नागपूर–वर्धा रेल्वेमार्गावरचं सिंदी (रेल्वे). दुसरं वर्धा शहराला लागून असलेलं सिंदी (मेघे). माणसाचं काम "रेल्वे की मेघे?" एवढ्या एका प्रश्नात भागतं. पण एखाद्या डिलिव्हरी ॲपमध्ये गावाची ओळख फक्त नावावरून ठरत असेल, तर ॲप हा प्रश्न विचारणार नाही. पार्सल सरळ दुसऱ्या सिंदीला जाईल.

अशा चुका बऱ्याचदा कोड लिहिताना होत नाहीत, त्याच्या आधी होतात. "गाव म्हणजे नेमकं काय, आणि ते ओळखायचं कशावरून?" हे कुणी बसून ठरवलेलंच नसतं. ते आधी चित्र काढून ठरवण्याच्या पद्धतीला म्हणतात व्हिज्युअल मॉडेलिंग, आणि त्या चित्रांच्या भाषेला म्हणतात यूएमएल. आज आपण ही भाषा, तिची टूल्स आणि मोबाइलवरून सुरुवात कशी करायची, ते पाहणार आहोत.

मॉडेल म्हणजे काय?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. पोरं सजवलेले लाकडी नंदी घेऊन निघतात, घरोघरी बोजारा मागतात. सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा तर मोठमोठ्या लाकडी नंद्यांसाठी विदर्भात प्रसिद्ध आहे.

हा लाकडी नंदी म्हणजे बैलाचं मॉडेलच. शिंगं आहेत, वशिंड आहे, झूल आहे. पोट आहे, पण चारा खात नाही. पायाखाली चाकं आहेत, जी खऱ्या बैलाला नसतात. कारण पोराला तो ओढायचा असतो. म्हणजे मॉडेल करताना आपण कामाचं तेवढं ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो. सॉफ्टवेअरचं मॉडेलही तसंच असतं. काय सोडायचं हे ठरवणं, हाच त्यातला अवघड भाग.

क्लास आणि ऑब्जेक्ट: एका मिनिटात उजळणी

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये "नंदी" हा क्लास, म्हणजे साचा. तुमच्या घरातला नंदी हा त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट. नंदीची उंची, लाकूड हे त्याचे ॲट्रिब्यूट, म्हणजे माहिती. "नोंद करा", "गुण द्या" ही कामं म्हणजे मेथड. या पद्धतीचं मूळ १९६७ च्या सिम्युला भाषेत आहे. आजच्या जावा, सी++, पायथन, कॉटलिन या सगळ्यांत ही कल्पना वापरली जाते.

यूएमएल आली कुठून?

१९९० च्या सुमारास प्रत्येक तज्ज्ञाची चित्रं काढायची पद्धत वेगळी होती. ग्रेडी बूच क्लाससाठी ढगासारखा आकार काढायचे. जेम्स रम्बॉ यांची पद्धत चौकोनांची होती. इव्हार जेकबसन यांचा भर "वापरणाऱ्याला काय करायचंय" यावर होता. एकाचं चित्र दुसऱ्याला वाचता येईना.

पुढे हे तिघंही रॅशनल सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीत एकत्र आले. त्यांनी पद्धती जुळवून युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजे यूएमएल तयार केली. १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने तिला मानक म्हणून स्वीकारलं. २००५ मध्ये दुसरी मोठी आवृत्ती आली. २०१७ ची २.५.१ ही आवृत्ती सध्या संदर्भासाठी वापरतात. तिच्यात १४ प्रकारचे डायग्राम आहेत. घाबरू नका, सुरुवातीला दोनच पुरतात: क्लास डायग्राम आणि सिक्वेन्स डायग्राम.

चला, एक ॲप डिझाइन करूया

समजा, तान्ह्या पोळ्यातल्या नंदी सजावट स्पर्धेसाठी तुम्हाला नोंदणीचं ॲप करायचंय. पहिल्या झटक्यात बहुतेक जण असा एकच क्लास काढतील:

नंदी
– उंची
– लाकूड
– मुलाचं नाव
– टोकन क्रमांक
– गुण

यूएमएलमध्ये हा एक चौकोन. वरच्या कप्प्यात नाव, मधल्या कप्प्यात ॲट्रिब्यूट, खालच्या कप्प्यात मेथड. पहिल्या वर्षी ॲप झकास चालेल.

दुसऱ्या वर्षी काय होईल? लाकडी नंदी दरवर्षी नवा घेत नाहीत. आजोबांनी करून घेतलेला नंदी नातवापर्यंत येतो. गेल्या वर्षी मोठ्या बहिणीने आणलेला नंदी यंदा धाकटा भाऊ आणणार. "मुलाचं नाव" बदललं की बहिणीचं नाव पुसलं गेलं. नवे गुण भरले की गेल्या वर्षीचा निकालही गेला. तिच्या घरच्यांनी "आमच्या पोरीचं बक्षीस कुठंय?" असं विचारलं, तर ॲपकडे उत्तर नाही.

चूक अशी, की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकात कोंबल्या. नंदी वर्षानुवर्षं तोच राहतो. टोकन आणि गुण मात्र त्या वर्षापुरते असतात. म्हणून तीन क्लास हवेत:

– नंदी: नंदी क्रमांक, उंची, लाकूड
– मूल: नाव, वय, पालकांचा फोन
– सहभाग: वर्ष, टोकन क्रमांक, गुण

"सहभाग" हा क्लास हाताला लागत नाही, दिसत नाही. पण सगळा हिशोब त्याच्यावरच उभा आहे. चांगल्या डिझाइनमध्ये असे न दिसणारे क्लास शोधावे लागतात.

रेषांना अर्थ असतो

चौकोन कुणीही काढेल. खरं काम रेषांचं.

१) असोसिएशन: साधी रेषा, म्हणजे दोन क्लासचा संबंध. तिच्या टोकांना आकडे लिहितात, त्यांना मल्टिप्लिसिटी म्हणतात. नंदीकडे १ आणि सहभागाकडे तारा (*) लिहिला, की अर्थ होतो: एका नंदीचे कितीही सहभाग, पण प्रत्येक सहभागात नंदी एकच.

आता मुलाच्या बाजूला काय लिहाल? १? पण दोघं भावंडं मिळून एकच नंदी घेऊन आली तर? हे तुम्ही मनाने ठरवू शकत नाही, आयोजकांना विचारावं लागेल. आणि हा प्रश्न सुचला कशामुळे? रेषेच्या टोकाला आकडा लिहायचा होता म्हणून! डायग्रामचा सगळ्यात मोठा उपयोग हाच: विसरलेले प्रश्न तो आपल्याला विचारायला लावतो.

२) कंपोझिशन: भरीव काळा हिरा. एक गुणपत्रिका आणि तिच्यातल्या ओळी. पत्रिका रद्द केली की ओळीही गेल्या. हिरा नेहमी "पूर्ण" वस्तूच्या बाजूला, म्हणजे गुणपत्रिकेकडे. नंदी आणि सहभाग यांच्यात मात्र हा हिरा चालणार नाही. नोंदणी रद्द झाली म्हणून घरातला नंदी नाहीसा होत नाही.

३) इनहेरिटन्स: पोकळ त्रिकोणाचा बाण, टोक मुख्य क्लासकडे. इथे नवशिके हमखास चुकतात. "लहान नंदी" आणि "मोठा नंदी" असे दोन क्लास करतात. गरज नाही, उंची हा नुसता ॲट्रिब्यूट आहे. वागणूक वेगळी असेल तेव्हाच वेगळा क्लास करा. उदाहरणार्थ, "स्पर्धा" हा मुख्य क्लास आणि त्याचे "नंदी सजावट" व "वेशभूषा" हे दोन प्रकार. दोन्हींत गुण मोजायची रीत वेगळी आहे, म्हणून इथे इनहेरिटन्स शोभतो.

आणि गाव? गावाच्या क्लासमध्ये नावासोबत एक वेगळा क्रमांक ठेवा. रेल्वे प्रत्येक स्टेशनला स्वतंत्र कोड देते, ते याचसाठी. मग सिंदी दोन असोत की चार, गोंधळ नाही.

सिक्वेन्स डायग्राम: गर्दीत नेटवर्क गेलं तर?

क्लास डायग्राम "काय आहे" ते दाखवतो. "कोणत्या क्रमाने काय घडतं" ते सिक्वेन्स डायग्राम दाखवतो. वर एका ओळीत पालक, स्वयंसेवक, ॲप, सर्व्हर अशी नावं लिहा. प्रत्येकाच्या खाली तुटक उभी रेषा. आता वरून खाली बाण काढत जा: पालक माहिती सांगतात, स्वयंसेवक भरतो, ॲप सर्व्हरला पाठवतं, सर्व्हर टोकन देतो.

आता शेवटचा बाण खोडा. जत्रेच्या गर्दीत नेटवर्क गेलं. सर्व्हरने टोकन दिलं, पण ॲपपर्यंत पोहोचलंच नाही. स्वयंसेवक वैतागून पुन्हा बटण दाबतो. एका नंदीला दोन टोकन!

उपाय चित्रातच सुचतो. ॲपने प्रत्येक विनंतीला स्वतःचा एक क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हरने नवं टोकन न देता जुनंच परत पाठवायचं. ही गोष्ट कागदावर पाच मिनिटांत सापडते. मैदानात सापडली, तर रडणारं पोर आणि चिडलेले पालक तुमच्यासमोर उभे असतात.

कोणतं टूल वापरायचं?

लॅपटॉप नाही म्हणून थांबू नका. डिझाइनला भारी मशीन लागत नाही.

– ड्रॉ.आयओ: ब्राउझरमध्ये मोफत चालतं, खातं उघडावं लागत नाही. यूएमएलचे आकार तयार मिळतात, मराठीत लिहिता येतं. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर थोडी कसरत होते, फोन आडवा धरा.
– मर्मेड आणि प्लँटयूएमएल: यांत चित्र ओढायचं नसतं, ओळी टाइप करायच्या, डायग्राम आपोआप तयार होतो. मोबाइलवर हे ड्रॉ.आयओपेक्षा सोपं जातं. मर्मेडचा डायग्राम गिटहब २०२२ पासून थेट दाखवतं.
– स्टारयूएमएल, व्हिज्युअल पॅराडाइम, एंटरप्राइज आर्किटेक्ट: ही कॉम्प्युटरवरची मोठी टूल्स. साधी चित्रं काढणाऱ्या ॲपला चौकोन म्हणजे नुसता चौकोन. या टूल्सना तो "क्लास" आहे हे कळतं. एका ठिकाणी नाव बदललं, की सगळ्या डायग्राममध्ये बदलतं.
– कागद आणि पेन्सिल: पहिला आराखडा नेहमी इथेच. फोटो काढून ठेवा.

चित्रातून कोड: पुण्याचं काम

मोठी टूल्स डायग्राममधून कोडचा सांगाडा तयार करून देतात, तर काही कोड वाचून डायग्रामही काढतात. या क्षेत्रात महाराष्ट्राचं नाव महत्त्वाचं आहे. टीसीएसने १९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू केलं. तिथल्या मॉडेलवर आधारित सॉफ्टवेअरच्या संशोधनाशी मास्टरक्राफ्ट या टूलचं नाव जोडलेलं आहे. स्क्रीन, व्यवहाराचे नियम आणि डेटाबेस यांचं मॉडेल करायचं आणि बराचसा कोड त्यातून आपोआप तयार करून घ्यायचा, अशी ही कल्पना. तंत्रज्ञान बदललं तरी मॉडेल तेच ठेवून नव्या तंत्रज्ञानासाठी कोड काढता यावा, हा त्यामागचा विचार. तिथले संशोधक विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांचा या विषयावरचा लेख २००३ मध्ये आयईईई सॉफ्टवेअर या नियतकालिकात छापून आला होता.

या चुका टाळा

– आधी कोड, मग डायग्राम: डिप्लोमा, बीसीए, इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये हे सर्रास चालतं. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या रिपोर्टमधले डायग्राम उचलून चिकटवायचे. मार्क मिळतीलही. पण तोंडी परीक्षेत "हा हिरा इथे का?" असं विचारलं की ततपप होतं, आणि नोकरीच्या मुलाखतीत तोच प्रश्न पुन्हा येतो.
– सगळं एकाच चित्रात: चाळीस चौकोनांचा डायग्राम कुणी वाचत नाही. एका चित्रातून एकच गोष्ट सांगा.
– जुना डायग्राम तसाच ठेवणं: कोड बदलला आणि चित्र नाही, तर ते चित्र दिशाभूल करतं. बदला, नाहीतर काढून टाका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कंपन्यांमध्ये यूएमएल खरंच वापरतात का?
सगळे नियम पाळून सगळीकडे नाही. बऱ्याच टीम फळ्यावर साधे चौकोन आणि बाण काढून काम भागवतात. पण ते चौकोन आणि बाण बहुतेक वेळा यूएमएलचेच असतात.

एआयला सांगितलं तर डायग्राम मिळेल ना?
मिळेल, मर्मेडच्या ओळीही लिहून देईल. पण दोन भावंडं एक नंदी आणतात की नाही, हे त्याला सिंदीत जाऊन कुणी सांगितलेलं नाही. तो अंदाजाने आकडा टाकेल. रेषेच्या टोकाचे आकडे तुम्हीच तपासा.

आधी प्रोग्रामिंग शिकावं की यूएमएल?
दोन्ही सोबत. क्लास म्हणजे काय एवढं कळलं, की चित्र काढायला लागा.

तर मित्रांनो, आज एवढंच करा. तुमच्या गावातलं एक रोजचं काम निवडा: दूध संकलन, कापसाचं वजन, वाचनालयातली पुस्तकं, काहीही. तीन-चार चौकोन काढा, रेषा जोडा आणि प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना आकडा लिहा. जिथे आकडा लिहिताना हात थांबेल, तिथे ते काम रोज करणाऱ्या माणसाकडे जा आणि त्याला विचारा. तुमच्या ॲपचं डिझाइन तिथूनच सुरू होतं.